न ओतलेली घंटा

१

विद्यापीठाच्या चॅपेलच्या मनोऱ्यातली लिफ्ट अर्ध्यापर्यंतच जायची. पुढचा गोल दगडी जिना मार्ना टेनवोल्ड रोज दुपारी बाराच्या आधी धापा टाकत चढायची, आणि रोज चढताना मनाशी ठरवायची की उद्यापासून तो गोड रुबार्ब-पाय खाणं बंद. वर वादकाची खोली होती, जेमतेम एका माणसापुरती. कोपऱ्यात विजेचा हीटर, खुंटीवर वडिलांचा कोपरावर विरलेला स्वेटर आणि मधोमध ते अवाढव्य वाद्य. पियानोला पट्ट्या असतात तिथे याला गुळगुळीत लाकडी दांड्यांच्या दोन रांगा होत्या आणि पायाशी पेडल. दांडा मुठीने खाली हाणला की त्याची तार ताणली जायची, ती छतातून वर गेलेली असायची, आणि डोक्यावर कुठेतरी एक घंटा बोलायची. कॅरिलॉन म्हणतात या वाद्याला. मिनेसोटातल्या त्या गावाला त्याची इतकी सवय झाली होती की बारा वाजता कुणी मान वर करून बघतही नसे.

मार्नाला तेच आवडायचं. टाळ्या नाहीत, चेहरे नाहीत. वाजवणारा वर एकटा आणि ऐकणारे खाली आपापल्या कामात.

सगळ्यात मोठ्या घंटेला सगळे थोरली म्हणत. थोरलीच्या लगतची, अर्ध्या सुराने चढी असलेली घंटा मात्र या मनोऱ्यात नव्हतीच. आपल्या हिशेबाने थोरलीला षड्ज धरला तर कोमल ऋषभ गायब. यात नवल काही नाही. बऱ्याच मनोऱ्यांत ती नसते, कारण एवढं अजस्र धूड ओतवून घ्यायचं आणि ते लागणार कधीमधी, म्हटल्यावर देणगीदार हात आखडता घेतात. सुताराने दांडा तेवढा करून ठेवला होता, रांग बोडकी दिसू नये म्हणून. त्याला तार नव्हती. त्यावर मूठ मारली तर नुसतं ‘खट्’ व्हायचं.

इथे येण्याआधी मार्ना दक्षिणेतल्या ज्या मनोऱ्यात वाजवायची तिथला संच पुरा होता, आणि हाताच्या सवयी काही नोकरीबरोबर बदलत नाहीत. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती एक साधंसं प्रार्थनागीत वाजवत होती. डोक्यात भलतेच विचार होते, ओव्हन बंद केला की नाही वगैरे. अशात तिची डावी मूठ त्या मुक्या दांड्यावर जाऊन आदळली.

खट् झालं नाही. दांडा जड लागला. मोठ्या घंटेचा दांडा खाली जाताना मुठीशी जशी झटापट करतो तशी त्याने केली. मग वरून आवाज आला.

तो आधी बाकाला कळला, मग मार्नाच्या मांड्यांना, आणि कानांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचला. उभं आयुष्य तिने घंटांमध्ये काढलं होतं. प्रत्येक घंटेत काहीतरी उणं असतं, कुठे जरा खरखर असते, कुठे सूर केसभर उतरलेला असतो. या आवाजात काहीही उणं नव्हतं. कुणी वडीलधारं माणूस खोलीत यावं आणि आपण नकळत उठावं, तशी ती उठून उभी राहिली. गाणं तिथेच राहिलं. भीती वाटायला हवी हे तिच्या लक्षात आलं तेव्हा आवाज विरत आला होता.

मग तिची बुद्धी जागी झाली. घंटा कधी एका सुरात बोलत नाही, तिच्या पोटात चारपाच सूर असतात. दोन घंटांचे घुमारे एकमेकांत मिसळले की तिसराच सूर कानाला भासतो, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवायची. आणि दांडा हवेतल्या ओलीने फुगला असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि तिने ते पटवून घेतलं.

खाली चॅपेलच्या दाराशी डेलमर बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर मीठ पसरत होता. चॅपेलची देखभाल त्याच्याकडे होती, आणि मार्ना फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून तो तिला ओळखत होता.

“काय गं, नवी घंटा बसवलीत आणि मला पत्ता नाही?” तो म्हणाला. “किल्ल्या माझ्याकडे असतात म्हटलं.”

“कसली नवी घंटा?”

“मला काय विचारतेस? माझी कवळी हलली तोंडात.” त्याने मूठभर मीठ फेकलं. हसला मात्र नाही.

२

घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. नदीपलीकडच्या शुश्रूषागृहातली जोलीन नावाची नर्स होती.

“मार्ना, आधी बस खाली. बसलीस? तुझे डॅडी बोलले.”

मार्ना खरंच बसली, बूट न काढता, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर.

“काय म्हणाले?”

“‘उशिरा मारलास.’ एवढंच. खिडकीकडे बघत. मला वाटलं गोळ्यांवरून माझ्यावरच खेकसले. पण बाई, काय खणखणीत आवाज होता!”

मार्नाचे वडील, ऑर्विल टेनवोल्ड, यांनी अख्खी हयात त्याच मनोऱ्यात वाजवण्यात घालवली होती. हात थकले तेव्हा त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. ती सामानसुमान बांधून निघाली, आणि ती पोचायच्या आतच अर्धांगाचा झटका येऊन त्यांची वाचा गेली. तेव्हापासून ते खिडकीशी बसत. बर्फ गोठलेल्या नदीवरून घंटा त्यांना ऐकू यायच्या, हे डोळ्यांवरून कळायचं. पण लेक कशी वाजवते यावर त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. मार्नाला दुसरं काही नको होतं. चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण त्यांनी काहीतरी म्हणावं, यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

आणि हे म्हणणं तिला बरोबर समजलं होतं. मुका दांडा ऑर्विलनी कधी गाळला नाही. जिथे तो सूर लिहिलेला असेल तिथे ते वेळेवर मूठ मारायचे. ऐन गाण्यात ‘खट्’ व्हायचं, आणि बाकाशेजारी बसलेली लहानगी मार्ना खिदळायची. “घंटा नाही हा विद्यापीठाचा दोष,” ते म्हणायचे. “सूर गाळला तर तो माझा दोष.”

म्हणजे त्यांनी ती घंटा ऐकली होती आणि वर लेकीची चूकही काढली होती. मार्ना स्टुलावर बसून पोटभर रडली. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

संध्याकाळी ती त्यांना भेटायला गेली. ते पुन्हा गप्प होते. तिने चमच्याने भरवलेलं सूप त्यांनी मुकाट्याने गिळलं.

३

दुसऱ्या दिवशी तिने ठरवून मूठ मारली, आणि वेळेवर मारली.

आवाज सुरू होताच ती अरुंद खिडकीशी गेली. खाली हिरवळीच्या जागी पांढराशुभ्र बर्फ होता आणि त्यावरून वर्गातून सुटलेली मुलं चालली होती. ती सगळी थांबली. कुणाच्या हातात कॉफी, कुणाचं एक पाऊल पुढे टाकलेलं, आणि सगळ्यांचे चेहरे वर. एका प्राध्यापकबाईंचा कुत्रा मागच्या पायांवर बसून वर बघत होता. घुमारा पुरता विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळे काही झालंच नाही अशा थाटात चालू लागले, आणि कुत्रा एका झाडाकडे गेला.

जोलीनचा फोन आलाच. “आज म्हणाले, ‘आता बरोबर.’ मग म्हणाले, पायाने फार जोर लावतेस. आणखी काहीतरी सांगत होते, पण आवाज थांबला आणि वाक्य मध्येच सुटलं. मार्ना, ते त्या आवाजापुरतेच बोलतात. मला यातलं काही कळत नाही, पण हे असंच आहे.”

मार्नाने डेलमरला गाठलं. “वर जाऊन बघायचंय. किल्ली घे.”

“आता? वादळ सुटलंय.”

“आता.”

“तुझ्या बापासारखीच हट्टी आहेस,” असं पुटपुटत तो निघाला.

खोलीतून लोखंडी शिडी वर घंटांमध्ये जायची. मार्ना पुढे, डेलमर मागे. वर चारही भिंतींना आवाज बाहेर पडावा म्हणून तिरप्या फळ्यांच्या झडपा होत्या, आणि त्यांच्या फटींतून बर्फ भुरभुरत आत येत होता. डाव्या अंगाला थोरली टांगलेली होती, हिरवटकाळी, खोलीएवढी. तिच्यापलीकडे एक जागा मोकळी. कधीकाळी घंटा येईल म्हणून बांधणाऱ्यांनी तुळया घालून ठेवल्या होत्या, तुळईला हूकही होता, आणि हुकाला काहीही नव्हतं. मार्नाने ती जागा पूर्वीही पाहिली होती. तिला हायसं वाटलं.

मग वाऱ्याचा झोत आला आणि खूप सारा बर्फ एकदम आत घुसला. तो थोरलीवर पडला, तुळयांवर पडला, मार्नाच्या भुवयांवर पडला. त्या मोकळ्या जागेत मात्र तो खाली आलाच नाही. अधांतरी, हुकाच्या जरा खाली, तो साचू लागला. आधी एक लहानसा गोल झाला. मग तिथून बर्फाचा भुगा कडेकडेने घसरू लागला आणि रुंद होत गेलेले दोन उतार दिसू लागले. त्या उतारांच्या आत कणभरही बर्फ शिरत नव्हता. पलीकडची झडप आरपार दिसत होती. बर्फ मात्र तिथे काय आहे ते जाणत होता, आणि अदबीने बाजूने जात होता.

ती घंटा थोरलीपेक्षा जराशीच लहान होती. मार्नाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकी देखणी वस्तू तिने कधी पाहिली नव्हती, आणि पाहिली होती असंही म्हणता येत नव्हतं.

वाऱ्याने दिशा बदलली. साचलेला बर्फ एकदम खाली पडला, आणि रिकाम्या तुळया तेवढ्या राहिल्या.

“पाहिलंस?” तिने विचारलं.

डेलमरने टोपी काढून हातात धरली होती. “मी काही पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस. खाली चल.”

टोपी त्याने खाली पोचल्यावरही डोक्यावर घातली नाही.

४

मार्नाची अडचण साधी आणि जीवघेणी होती. डॅडींजवळ बसावं तर घंटा कोण वाजवणार, आणि घंटा वाजवावी तर त्यांचं बोलणं कसं ऐकणार? दुसऱ्या कुणाला त्या दांड्याला हात लावू द्यायची तिची तयारी नव्हती. शेवटी जोलीननेच तोड काढली. बाराच्या ठोक्याला ती फोन ऑर्विलच्या कानाशी धरणार होती. मार्नाने आपला फोन वाद्याच्या कडेला टेकवून ठेवला, त्याचा आवाज मोठा केला आणि त्या दिवशी गाणंबिणं काही न वाजवता सरळ मूठ मारली.

घुमारा खोलीत भरला. आणि फोनमधूनही आला. फोनमधला जास्त मोठा होता. नदीपलीकडच्या बंद खिडकीच्या खोलीत तो इथल्यापेक्षा जवळून येत होता. तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत असल्याचं ऐकू आलं.

“मार्ना.”

“डॅडी!”

“किती चढायला लावतेस गं.”

“कुठून चढतोयस? तू खुर्चीत आहेस, डॅडी. जोलीन आहे ना तिथे?”

“खुर्ची कुठली? मी पार पुढे गेलेला असतो. तू मारतेस, मग मला मागे वळावं लागतं.” ते दम घ्यायला थांबले. “रस्ता दर वेळी वाढतोय.”

“तिथे काय आहे?”

 मग ऑर्विल हलक्या आवाजात, हरखून गेलेल्या पोरासारखे म्हणाले, “सगळं सुरात आहे, मार्ना. सगळंच्या सगळं.”

 तिला आणखी विचारायचं होतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

“ऐक, वेळ थोडा आहे,” ते म्हणाले. “पुन्हा मारू नकोस. मारलीस तर मी येणार. हाक आल्यावर थांबणं मला जमत नाही, तुला माहितीये. पण माझे पाय दुखतात गं आता. मला जाऊ दे.”

“डॅडी, मी इथे आल्यापासून रोज वाजवतेय. तू एकदाही...”

“ऐकलंय ना सगळं. रोज ऐकलंय. तुला खरं सांगू? तू वाजवतेस ना, तेव्हा...”

खोलीतला घुमारा संपला. फोनमधला अजून थोडा वेळ चालू होता, आणि त्याच्या खाली दूर जाणारी पावलं होती, घाई नसलेल्या माणसाची. मग तोही थांबला. “झोपले,” जोलीन फोनवर कुजबुजली. “मार्ना? आहेस का?”

मार्ना होती. तिची मूठ दांड्यावर, वीतभर उंचीवर होती. ती खाली आणली की पुरे होतं. उरलेलं वाक्य ऐकायला मिळालं असतं. जन्मभर ज्यासाठी मुठींना घट्टे पाडले ते वाक्य, आणि त्याची किंमत म्हणजे एका म्हाताऱ्याला पुन्हा एकदा तो रस्ता चढायला लावायचा. ‘एकदाच,’ तिचं मन म्हणत होतं, ‘फक्त आजच्यापुरतं.’ ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. खांदा भरून आला तेव्हा तिने मूठ उघडली आणि हात मांडीवर घेतला.

५

त्यानंतर तिने तो सूर टाळून वाजवलं. जिथे तो यायला हवा तिथे ती क्षणभर थांबायची, आणि खिडकीतून तिला दिसायचं की खाली दोनचार माणसं त्याच क्षणी वर बघतात, वाट बघतात आणि मग जरा ओशाळून चालू लागतात.

नदीवरचा बर्फ तडकायला लागला त्या आठवड्यात ऑर्विल गेले. दुपारची घंटा चालू असताना, खुर्चीतच. “त्रास झाला नाही,” जोलीन म्हणाली. “पुढे काहीतरी दिसल्यासारखे बघत होते. मी हाक मारली तर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी.” मार्नाने तिला घट्ट मिठी मारली. तिला दुःख झालं आणि आपण त्यांचं सांगणं पाळलं याचा अभिमानही वाटला.

६

विद्यापीठाचा वादक गेला की त्याच्यासाठी चॅपेलच्या आत कुणी काही वाजवत नाही. प्रार्थना आटोपते, लोक बाहेर हिरवळीवर येऊन उभे राहतात आणि मनोऱ्यातून त्याने स्वतः बसवलेली एखादी धून वाजते. मार्नाने ऑर्विलनी बसवलेली एक जुनी नॉर्वेजियन धून निवडली होती. तो सूर तिच्यात एकदाच येत होता, शेवटच्या दोन ओळींच्या आधी.

खिडकीतून सगळे दिसत होते. तळघरात हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला मांस-बटाट्याचा पदार्थ, आणि कॉफी मांडून ठेवली होती, त्यांचा वास कपड्यांना घेऊनच लोक बाहेर आले होते. डेलमर कोट घालून पहिल्यांदाच रुबाबदार दिसत होता. मार्नाने शिडीकडचं दार लावून घेतलं, बाकावर बसली आणि वाजवायला लागली. हात चांगला चालत होता. पायाने ती हलकं वाजवत होती.

ती जागा आली. तिने डावी मूठ उचलली आणि हवेतच धरून ठेवली.

दांडा खाली गेला.

तिची मूठ वर होती आणि तिच्या डोळ्यांदेखत दांडा खाली जात होता, सावकाश आणि भारदस्तपणे. तो तळाला टेकला तो अगदी वेळेवर, केसभरही पुढे नाही की मागे नाही. अशी वेळ पाळणारा माणूस तिने एकच पाहिला होता.

आवाज आला. बाकाला, मांड्यांना, आणि मग कानांना. या वेळी तो विरत नव्हता. उलट दर श्वासाला तो आणखी मोठा, आणखी सुंदर होत होता, आणि त्यात आणखी किती घंटा असाव्यात याचा तिला अंदाज लागेना.

तिने घाईने खिडकीकडे मान वळवली. खाली एकानेही वर पाहिलं नव्हतं. दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. डेलमर रुमालाने नाक पुसत होता. मुलं पायाने बर्फ उकरत होती. त्यांच्यापैकी कुणालाही तो आवाज ऐकू येत नव्हता.

म्हणजे तो त्यांच्यासाठी नव्हताच. मार्नाला आता कळलं की हाक येणं म्हणजे काय. नाव नाही, शब्द नाही, पण आपल्यालाच बोलावताहेत यात तसूभर शंका नाही. इतके दिवस तिने बापाला असंच बोलावलं होतं आणि तो बिचारा धापा टाकत आला होता. आता तो बोलावत होता. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचं असेल, किंवा जे दिसलं ते एकट्याने बघवत नसेल. तिला भीती वाटत नव्हती. तिला जायचं होतं, मनापासून जायचं होतं, आणि आपल्याला असं वाटतंय हे कळताच तिने बाकाची कड घट्ट धरली.

मानेला गार वारा लागला. शिडीकडचं दार उघडलं होतं. तिने मागे पाहिलं नाही.

सुरू केलेली धून अर्ध्यावर सोडलेली ऑर्विलना कधी खपली नव्हती. ती संपेपर्यंत ते थांबतील, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. दोन ओळी उरल्या होत्या. तिने दोन्ही मुठी दांड्यांवर ठेवल्या आणि त्या ओळी वाजवायला घेतल्या, जमेल तितक्या सावकाश.